उरलेले साडेतीन लाख कोण भरणार?

पत्र

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीला राहते. घरी मशीनवर परकर-गाऊन शिवते, पीसवर पैसे मिळतात. महिन्याला सात-आठ हजार सुटतात, त्यातले २,८०० खोलीभाड्याला जातात. आमच्या बचत गटांच्या मिळून २१२ बायका आहेत. कुणी कांड्या भरतं, कुणी धुणीभांडी करतं, पण सगळ्याच भाड्याच्या खोलीत. माझी चुलत नणंद सोलापूरजवळ कुंभारीला घरकुलात राहते. दिवाळीत तिच्याकडे जाऊन आले. स्वतःचं घर, दारात तुळस. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. आपणही नफा न घेणारी संस्था काढावी आणि सरकारी अनुदानातून घरं बांधावी असं आम्ही ठरवतोय. एक गृहस्थ मदतीला आलेत. ते म्हणतात, केंद्राचे आणि राज्याचे मिळून अडीच लाख येतात, घर जवळजवळ फुकटात पडेल. गावाबाहेर त्यांच्या ओळखीत सहा एकर जमीन आहे. प्रत्येकीने दहा हजार काढायचे आणि त्यातून इसार द्यायचा. येत्या रविवारी पैसे गोळा करायची बैठक आहे. खजिनदार मलाच केलंय. आमचे मालक म्हणतात, लोकांच्या पैशात हात घालू नकोस, जन्माचा डाग लागेल. सरकार खरंच आमच्यासारख्यांच्या संस्थेला पैसे देतं का? आणि मी खजिनदार व्हावं का?

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

ताई, रविवार जवळ आलाय म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते. सरकार पैसे देतं, हे खरं आहे. तुम्ही खजिनदार व्हा. पण या रविवारी एक रुपयाही गोळा करू नका.

तुमच्या नणंदेच्या गावापासूनच सुरुवात करू, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं उत्तर तिथे उभं आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांनी संस्था केली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांची युनियन त्यामागे होती. मोर्चे निघाले, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या, आणि २००६ मध्ये दहा हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्या घराचा हिशोब पाठ करण्यासारखा होता. घर साठ हजारांचं. त्यात वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार विडी कामगार बाईचे. तीन सारखे वाटे.

मग त्याच कुंभारीत तीस हजार घरांचं रे नगर झालं. या वेळी विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षावाले असे सगळेच होते. ‘रे’ हे नाव राजीव आवास योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं. ती योजनाच पुढे बंद झाली, सरकार बदललं, प्रधानमंत्री आवास योजना आली. संस्था मात्र तीच राहिली आणि नव्या योजनेत नव्याने अर्ज घेऊन उभी राहिली. पायाभरणी पंतप्रधान मोदींच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये. मधली करोनाची वर्षं धरूनही पाच वर्षं लागली. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वही काढा आणि माझ्याबरोबर हिशोब मांडा. रे नगरच्या पायाभरणीच्या वेळी सरकारने प्रकल्पाचा खर्च सांगितला होता १,८११ कोटी. त्यात केंद्र आणि राज्य मिळून मदत ७५० कोटी. दोन्ही आकड्यांना तीस हजारांनी भागा. एका घराचा खर्च सहा लाखांच्या थोडा वर, आणि सरकारची मदत बरोबर अडीच लाख. तुमच्या त्या गृहस्थांनी सांगितलेले अडीच लाख ते हेच, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. आकडा त्यांनी खोटा सांगितलेला नाही. पण सहा लाखांतून अडीच लाख गेले की साडेतीन उरतात, ते सांगायचं राहून गेलं. २००६ मध्ये सरकार तीनांतले दोन वाटे उचलत होतं. २०१९ मध्ये पाचांतले दोन. मधल्या काळात सिमेंट, सळई, मजुरी, जमीन सगळंच वाढलं, अनुदान त्या चालीने वाढलं नाही, आणि फरक बाईच्या पदराला आला.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. नफा न घेणारी संस्था बांधते म्हणजे बिल्डरचा नफा वाचतो, एवढंच. सिमेंट तिलाही त्याच भावाने घ्यावं लागतं. तिच्याकडे विकायला दुकानांचे गाळे नाहीत, वरच्या मजल्यावरचे महागडे फ्लॅट नाहीत. तिच्या हातात दोनच गोष्टी असतात, सरकारचं अनुदान आणि सभासदाची पै-पै. पहिली गोष्ट कमी पडली की सगळं ओझं दुसरीवर येतं. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, एक कोटी घरांसाठी, पण आपल्यासारख्या राज्यात केंद्राचा वाटा दीड लाखच राहिला. रे नगरचा तो सहा लाखांचा भावही २०१९ चा आहे, आज तुम्ही बांधायला घ्याल तेव्हा तो तसाच मिळेल असं धरू नका.

उरलेल्या साडेतीन लाखांचं कर्ज काढलं तर? नऊ टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला ३,५५० रुपये हप्ता बसतो. अकरा टक्के धरले तर चार हजारांच्या आसपास. तुमचं भाडं २,८०० आहे. वरचे सात-आठशे कसेबसे निघतील असं तुम्ही म्हणाल. पण ताई, हप्ता सुरू झाला म्हणून भाडं थांबत नाही. घर तयार होईपर्यंत दोन्ही चालू राहतात. सुरुवातीला निदान उचललेल्या रकमेचं व्याज तरी भरावंच लागतं. रे नगरची पाच वर्षं मी लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. सात हजारांच्या कमाईत भाडंही आणि व्याजही, असं किती महिने चालेल, हा प्रश्न २१२ जणींनी एकेकटीने, आपापल्या घरी बसून सोडवायचा आहे. सभेत हात वर करून तो सुटत नाही.

कर्ज मिळण्याचाही प्रश्न आहेच. तुमच्याकडे पगाराची पावती नाही. पीसवर काम करणाऱ्या बाईला बँकेत काय विचारतात ते तुम्हाला माहीत असेल. नव्या टप्प्यात गरिबांच्या घरकर्जासाठीचा हमी निधी एक हजार कोटींवरून तीन हजार कोटी केलाय, तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे, बँकेत गेलात की त्याचं नाव घेऊन विचारा. बचत गटाची नियमित परतफेडीची वही ही तुमची खरी पगाराची पावती. ती नीट ठेवा. आणि तुमच्यातल्या ज्या बायका बांधकामावर जातात, त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंद आहे का ते आजच पाहा. त्या मंडळाची घरासाठी वेगळी मदत आहे, आणि नोंद चालू नसेल तर ती हातची जाते.

आता अनुदान येतं कसं ते सांगते, कारण फसवणूक बहुतेक इथेच होते. सरकार संस्थेच्या खात्यात आगाऊ पैसे टाकत नाही. आधी प्रकल्पाचा सविस्तर अहवाल तयार होतो. तो महापालिकेतून राज्याकडे जातो, आपल्याकडे हे काम म्हाडा पाहते. राज्याच्या समितीने मंजूर केला की केंद्राच्या समितीपुढे जातो. तिथे मंजुरी मिळाली की पैसे केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून प्रकल्पाकडे, तेही हप्त्याने. योजनेच्या २०१५ च्या पहिल्या टप्प्यात केंद्राची मदत ४०, ४० आणि २० टक्के अशी ठरलेली होती, आणि पुढचा हप्ता हवा तर झालेलं काम दाखवावं लागे. घराचा फोटो जागेच्या खुणेसह संगणकावर चढला की मगच पुढची कागदं हलतात. म्हणजे ठेकेदाराने जोत्याचं बिल लावलं आणि सरकारचा हप्ता अजून यायचाय, त्या मधल्या काळात काम चालू ठेवतो तो सभासदांचा पैसा. तो वेळेवर आला नाही तर स्लॅब अर्धवट राहतो, सळया गंजतात आणि ठेकेदार वाढीव दर मागतो.

त्याच टप्प्यात भागीदारीतल्या प्रकल्पाला, म्हणजे सरकारच्या मदतीने दुसऱ्या संस्थेने बांधायच्या प्रकल्पाला, किमान २५० घरं असण्याची अट होती. तुम्ही २१२ आहात. शेजारच्या वस्तीतल्या, दुसऱ्या गटांतल्या बायकांना आत्तापासून बरोबर घ्या, संख्या मोठी असली की दारं लवकर उघडतात. पात्रतेचं थोडक्यात सांगते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, देशात कुठेही कुटुंबात कुणाच्या नावे पक्कं घर नको, आणि आधार लागतं. घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावे होतं. गावाकडे सासऱ्यांच्या घरात नवऱ्याचं नाव लागलेलं असतं आणि कुणाच्या ध्यानातही नसतं. हे आधी तपासा. शेवटच्या क्षणी यादीतून नाव गेलं की त्या बाईचे भरलेले पैसे परत करताना संस्थेच्या नाकी नऊ येतात.

आता जमीन. इथे मला माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगू द्या. मी बावीस वर्षं कामगारांच्या गृहनिर्माण संस्थांचे हिशोब लिहिले. एका संस्थेत मी रुजू झाले तेव्हा इसार आधीच दिलेला होता. सातबारा कुणी नीट वाचलाच नव्हता. जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघाली, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. मालकाने पैसे घेतले होते, मुलीचं लग्न उरकलं होतं, आणि परवानगी काही येईना. एक म्हातारी दर महिन्याला ऑफिसात यायची. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिच्या पावत्या काढून टेबलावर मांडायची, पन्नास, पन्नास, शंभर, पन्नास. पावत्यांच्या घड्या झिजून अक्षरं पुसट झाली होती. मी त्या मोजायची, वहीशी ताडून पाहायची, रक्कम बरोबर आहे म्हणायची. ती परत घडी घालून पिशवीत ठेवायची आणि विचारायची, “मग जागा कधी?” तिचा हिशोब पैशापैशाने बरोबर होता. जमीन तेवढी तिची नव्हती.

म्हणून त्या गृहस्थांकडे रविवारी पैशांऐवजी कागद मागा. गट नंबर कोणता? सातबारा आणि जुने फेरफार कुठे आहेत? तीस वर्षांचा शोध कुणी घेतलाय? जमीन विकास आराखड्यात रहिवासी पट्ट्यात आहे का, की हिरव्या पट्ट्यात? शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, आणि तुमची संस्था काही शेतकरी नाही. जाण्यायेण्याचा रस्ता कागदावर आहे की फक्त पायवाट आहे? पाणी कुठून येणार? घराचं अनुदान घराला असतं. पाइपलाइन, गटार, रस्ता, विजेचे खांब यांचे पैसे वेगळ्या खात्यातून मागावे लागतात, आणि वस्ती शहरापासून लांब गेली की ते जास्त लागतात. तुमच्या परकर-गाऊनचे गठ्ठे दुकानातून आणायचे आणि पोचवायचे असतात. सहा एकर स्वस्त मिळाले पण रिक्षाला दिवसाला शंभर रुपये गेले, तर महिन्याला पंचवीसशे झाले. म्हणजे जवळजवळ तुमचं आजचं भाडंच झालं की!

सरकारी जमीन मिळते का, हाही अर्ज करून पाहा. नफा न घेणाऱ्या संस्थांना सरकारने घरांसाठी जमीन आणि मदत देण्याची रीत आपल्या राज्यात जुनी आहे. मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना अशा जमिनी मिळाल्या, सहकार खात्यातली जुनी माणसं त्यांना जुन्या युद्धोत्तर पुनर्रचना योजनेच्या क्रमांकावरून अजून ‘पीडब्ल्यूआर २१९’च्या संस्था म्हणतात. वेळ लागतो, चकरा होतात. पण जमिनीचा पैसा वाचला तर साडेतीन लाखांतला मोठा लचका कमी होतो, आणि तुम्ही २१२ जणी मिळून त्या चकरा वाटून घेऊ शकता.

संस्थेचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थाच करा. कायद्याने किमान किती सभासद लागतात ते उपनिबंधकांकडेच विचारून घ्या. आधी मुख्य प्रवर्तक निवडा, उपनिबंधकांकडे अर्ज करा, नाव राखून घ्या आणि नियोजित संस्थेच्या नावाने बँकेत खातं उघडायची परवानगी घ्या. पैसे गोळा करायचे ते त्या खात्यात. कुणाच्या घरच्या कपाटात नाहीत, त्या गृहस्थांच्या खात्यात तर नाहीतच. नोंदणी होईपर्यंत ती रक्कम निबंधकांना विचारल्याशिवाय काढायची नसते, आणि तुमच्यासाठी हीच मोठी ढाल आहे. कुणी घाई केली की सांगायचं, “हातात नाही हो, साहेबांची परवानगी लागते.” नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण करायचं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची. मला विचाराल तर वर्षाची वाटच पाहू नका. दर महिन्याला गटाच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकताना आकडे लक्षात ठेवतात, माझ्या चुका बहुतेक वेळा अशाच बायकांनी धरून दिल्या.

आता तुमच्या मालकांचं. त्यांना घाबरट समजू नका. लोकांच्या पैशाची भीती वाटणारा माणूस घरात असणं ही खजिनदारासाठी चांगलीच गोष्ट आहे. डाग लागतो तो रोख हातात घेतल्याने, एका सहीने आणि तोंडी हिशोबाने. त्यांना बसवून सांगा की मी रोख घेणार नाही, तीन सह्यांशिवाय चेक निघणार नाही, पावतीशिवाय कुणाचा रुपया जमा होणार नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांचा हिशोब तुम्हीच तपासा. या अटी गटाने मान्य केल्या तर खजिनदार व्हा. नाही केल्या तर सरळ नाही म्हणा, त्यात कसलीही लाज नाही. पण तुम्ही नको म्हटलंत तर ही वही कुणाच्या हातात जाईल, याचाही विचार करा. ज्या बाईला पैसे घेण्याआधी पत्र लिहून विचारावंसं वाटलं, तिच्याच हाती ती राहावी असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र बायकांना स्पष्ट सांगा. कुणाच्या नावे गावात आधीच जागा असेल तर तिला संस्थेत ओढू नका. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी त्याच योजनेत वेगळा घटक आहे. कर्जाच्या व्याजावर सवलतीचाही घटक आहे. पण एका कुटुंबाला यातला एकच घेता येतो, म्हणून जिला जो सोयीचा तो तिने विचार करून निवडावा.

तेव्हा रविवारची बैठक घ्याच, मोडू नका. पैशांऐवजी प्रत्येकीकडून एक कागद भरून घ्या. घरात कमावणारे किती, भाडं किती, डोक्यावर कर्ज किती, कुटुंबात कुणाच्या नावे पक्कं घर आहे का, आणि भाडं चालू असताना महिन्याला किती बाजूला टाकता येतील, खरंखुरं किती. २१२ कागद गोळा झाले की तुमच्या संस्थेला किती रकमेचं घर पेलवेल ते तुम्हालाच दिसेल. मग सोमवारी दोघी-तिघी महापालिकेत आवास योजनेच्या कक्षात जा आणि संस्थेमार्फत प्रकल्प घ्यायचे नियम लेखी मागा.

आणि कुंभारीला एकदा परत जा, या वेळी सणाला नको, साध्या दिवशी जा. नणंदेला म्हणावं, शेजारणींना बोलव. वीस हजार कसे उभे केले, कोणतं वर्ष जड गेलं, पाणी दिवसाआड येतं का, शहरात कामाला जायला किती लागतात, घर विकून गेलेलं कुणी आहे का आणि का गेलं, ते विचारा. रे नगरमध्येही दोन दारं ठोठवा, कारण साडेतीन लाखांची गोष्ट त्यांनाच ठाऊक. सगळं वहीत उतरवून घ्या. सातबाऱ्याची आणि फेरफारांची प्रत मिळाली तर या पत्त्यावर मला पाठवा, मी वाचून कळवते. तोवर दहा हजारांची पहिली पावती फाडू नका.